आकाशातून न दिसणारी माणसे



दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहरात श्रीमंत प्रवाशांसाठी एका दिवसाची एक सहल विकली जाते. सकाळी बंदराच्या धक्क्यालगतच्या तळावरून हेलिकॉप्टर उडते. टेबल माउंटन, अटलांटिकचा किनारा आणि शहराचा विस्तार डोळ्यांखालून घालीत प्रवासी डोंगररांगा ओलांडतात व एखाद्या खासगी अभयारण्यात उतरतात. तेथे उघड्या मोटारीतून सिंह, हत्ती, गेंडे पाहावयाचे. दुपारी पुन्हा आकाशमार्गे स्टेलेनबॉश किंवा फ्रान्सहूक येथील द्राक्षमळ्यात जावयाचे, ओकच्या पिंपांशेजारी बसून पाच-सहा प्रकारच्या वाइनची चव घ्यावयाची, भोजन करावयाचे आणि सूर्यास्ताच्या सुमारास हॉटेलात परतावयाचे. या सहलीचे मोठे आकर्षण असे की, रस्त्यावर जाणारा वेळ वाचतो.

अशा सहलीचा विचार कार्यकर्त्यांनी करावयाचा तो कशासाठी? कोणी चैन करतो म्हणून त्याचा हेवा करावा किंवा त्याला नावे ठेवावीत, यासाठी खासच नव्हे. विश्रांती आणि आनंद यांना समाजवादी चळवळीने कधी पाप मानले नाही. १९३६ साली फ्रान्समध्ये पॉप्युलर फ्रंटचे सरकार आले, तेव्हा कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि असंख्य कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही भरपगारी रजेविषयीचा करार संमत केला. डोंगर, समुद्र, वन्य प्राणी पाहून मन प्रसन्न व्हावे, ही इच्छा कारखानदाराला असते तशीच गिरणी कामगारालाही असते. तेव्हा आक्षेप आनंदाला नाही. प्रश्न इतकाच की, हा आनंद कोणाच्या जमिनीवर आणि कोणाच्या श्रमावर उभा आहे, आणि त्या माणसांना या दिवसाच्या चित्रात कोठे जागा आहे. केपची ही सहल या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तिच्यातील आकाश, अरण्य आणि द्राक्षमळा हे तिन्ही टप्पे साडेतीनशे वर्षांच्या इतिहासावरून जातात.

प्रथम आकाशाचा टप्पा घेऊ. हेलिकॉप्टर उडताच समुद्रात रॉबेन बेट दिसते. नेल्सन मंडेला यांच्या २७ वर्षांच्या बंदिवासातील १८ वर्षे, १९६४ ते १९८२, या बेटावर गेली. वळण घेताच शहराच्या कुशीत, डोंगराच्या उतारावर डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग येतो. १९५० च्या वंशवार वस्तीच्या कायद्यान्वये ११ फेब्रुवारी १९६६ रोजी हा भाग फक्त गोऱ्यांचा म्हणून जाहीर झाला. साठ हजारांहून अधिक माणसे तेथून उठविण्यात आली, घरे जमीनदोस्त करण्यात आली. उभी राहिली ती काही चर्चे आणि मशिदी. पुढे कित्येक दशके त्यातील बरीच जमीन ओसाड पडून होती. उठविलेली माणसे शहराबाहेरच्या केप फ्लॅट्स नावाच्या वालुकामय सपाटीवर नेऊन टाकण्यात आली. हीच सपाटी ओलांडून हेलिकॉप्टर स्टेलेनबॉशकडे जाते.

रस्त्याने गेल्यास स्टेलेनबॉशला पोहोचण्यास तासाभराचा अवधी लागतो. विमानतळाच्या परिसरात रस्त्याच्या कडेने पत्र्याच्या झोपड्यांची दाटी लागते, सार्वजनिक नळावरच्या बादल्या दिसतात, कामावर निघालेल्या माणसांनी भरलेल्या लहान टॅक्सी दिसतात. मोटारीची काच बंद असली तरी हे सारे दृष्टीआड करता येत नाही. आकाशातून मात्र तेच पत्रे उन्हात चमकतात आणि काही मिनिटांत मागे पडतात. जागतिक बँकेच्या मोजणीत दक्षिण आफ्रिका हा जगातील सर्वाधिक आर्थिक विषमतेचा देश ठरला आहे. या देशात वाचविलेल्या त्या तासाला म्हणून विशेष अर्थ प्राप्त होतो. वंशभेदाच्या राजवटीने गरिबाला श्रीमंताच्या दृष्टीआड नेण्यासाठी कायदे केले होते. ते कायदे गेले. आता तेच काम पैसा करतो.

दुसरा टप्पा अरण्याचा. १६५२ च्या एप्रिलमध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी यान फान रीबेक केपच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा हा प्रदेश निर्मनुष्य नव्हता. गुरे राखणारे खोईखोई आणि शिकारीवर जगणारे सान लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते. कंपनीने सोडलेल्या शेतकऱ्यांनी कुरणे नांगरली, तेव्हा १६५९ मध्ये खोईखोईंनी लढा दिला. आपण हॉलंडमध्ये जाऊन असे केले असते तर ते चालले असते काय, असा प्रश्न तहाच्या बोलण्यात त्यांनी विचारल्याची नोंद खुद्द फान रीबेकच्या रोजनिशीत आहे. जमीन तलवारीने जिंकली आहे, ती परत मिळणार नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. १६६० मध्ये फान रीबेकने वसाहतीच्या सीमेवर रानबदामाचे कुंपण लावले. खोईखोईंनी आपल्याच कुरणात येऊ नये, हा त्याचा हेतू. त्या कुंपणाचा काही भाग केपटाउनच्या कर्स्टनबॉश वनस्पती उद्यानात आजही जिवंत आहे.

माणसांचे झाले तेच प्राण्यांचे. निळसर कातडीचे काळवीटवर्गीय ब्लूबक हे हरिण १८०० च्या सुमारास नामशेष झाले. केपचा सिंह एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास संपला. अर्ध्या अंगावर पट्टे असलेला क्वाग्गा हा झेब्य्राचा प्रकार शिकारीने नष्ट झाला. त्याचा शेवटचा जीव १८८३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा यांना 'पाच बडे' म्हणण्याची जी पद्धत सहलींच्या जाहिरातींत रूढ आहे, तीही मूळ शिकाऱ्यांची. पायी गाठून मारण्यास सर्वांत अवघड ते पाच, असा तिचा अर्थ होता.

केपटाउनपासून एका दिवसात गाठता येणाऱ्या खासगी अभयारण्यात आज जे सिंह दिसतात, ते बाहेरून आणून कुंपणात सोडलेले आहेत. १९९१ च्या एका कायद्याने, पुरेसे कुंपण असल्याचा दाखला मिळालेल्या जमिनीवरील वन्य प्राणी कुंपणाबाहेर गेला, तरी त्यावरील जमीनमालकाची मालकी कायम राहते, असे ठरविले. रानातला जीव कोणाच्याच मालकीचा नसतो, हे जुने तत्त्व अशा रीतीने मागे पडले. या व्यवस्थेने प्राण्यांचे काही भले झाले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्या देशातील गेंड्यांपैकी निम्म्याच्या आसपास गेंडे आज खासगी जमिनीवर आहेत. परंतु कुंपण घातले म्हणजे कोणी तरी आत राहतो, तसा कोणी तरी बाहेरही जातो. पूर्व केप व क्वाझुलू-नाताळ या भागांत शेते मोडून खासगी अभयारण्ये झाली, तेव्हा तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मजूर कुटुंबांना घरे सोडावी लागल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. देशभरच्या शेतांचा विचार केला, तर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार १९९४ ते २००४ या लोकशाहीच्या पहिल्या दहा वर्षांत नऊ लाखांहून अधिक माणसे शेतांवरून हुसकावून लावली गेली. याची कारणे अनेक होती. अभयारण्ये हे त्यांतील एक. मतदानाचा हक्क मिळाला त्याच दशकात डोक्यावरचे छप्पर गेले, असा हा विलक्षण हिशेब आहे.

तिसरा टप्पा द्राक्षमळ्याचा. सहलीचा कळस येथे होतो आणि इतिहासाचे ओझेही येथेच सर्वांत जड आहे. केपमध्ये पहिला द्राक्षवेल १६५५ मध्ये लागला आणि २ फेब्रुवारी १६५९ रोजी पहिली वाइन गाळली गेली. त्याच्या आदल्याच वर्षी, १६५८ मध्ये, गुलामांनी भरलेली पहिली मोठी जहाजे केपला लागली होती. पुढील सुमारे दीडशे वर्षे मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशियाची बेटे आणि हिंदुस्थान येथून गुलाम आणले गेले. बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून आणलेल्यांची संख्या त्यांत मोठी होती. त्यांची खरी नावे पुसून 'बंगालचा', 'मलबारची' अशी नावे दप्तरात लिहिली गेली. कित्येकांना तर महिन्यांची नावे देण्यात आली. केपमधील द्राक्षमजुरांच्या वस्त्यांत सप्टेंबर आणि फेब्रुवारी ही आडनावे आजही आढळतात. स्टेलेनबॉशमधील डौलदार पांढऱ्या वाड्यांची छायाचित्रे प्रवासी हौसेने घेतात. ते वैभव या अनाम हातांनी उभे केले आहे.

१ डिसेंबर १८३४ रोजी केपमधील गुलामगिरी कायद्याने संपली. पस्तीस हजारांहून अधिक माणसे मुक्त झाली. मात्र त्यांना आणखी चार वर्षे 'उमेदवार' म्हणून जुन्याच धन्याकडे राबावे लागले. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. पुढे १८५६ च्या मालक-नोकर कायद्याने काम सोडणे अथवा हुकूम मोडणे हा नोकराचा फौजदारी गुन्हा ठरविला. जमीन नाही, घर धन्याचे आणि कायदाही धन्याचा, अशा स्थितीत मुक्त माणूस पुन्हा मळ्यावरच आला.

त्याला तेथे बांधून ठेवण्याचे आणखी एक साधन होते. त्याला 'डॉप' म्हणत. मजुरीचा भाग म्हणून दिवसातून अनेकदा मजुराला हलक्या प्रतीची वाइन पाजावयाची, असा तो रिवाज. विकली न जाणारी वाइन खपत असे, मजुरीचा खर्च कमी होत असे आणि व्यसनात सापडलेला मजूर मळा सोडून जात नसे. विसाव्या शतकात कायद्याने या रिवाजावर बंदी आली, परंतु ती दीर्घकाळ कागदावरच राहिली. त्याची फळे पुढील पिढ्या भोगीत आहेत. गर्भावस्थेत आईच्या मद्यसेवनामुळे मुलांच्या वाढीवर व बुद्धीवर कायमचा परिणाम होतो. अशा मुलांचे प्रमाण पश्चिम केपमध्ये जगातील नोंदलेल्या प्रमाणांत सर्वाधिक असल्याचे आढळले आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, द्राक्षपट्ट्यातील एका गावाच्या पहिलीच्या मुलांत हे प्रमाण हजारी चाळीसहून अधिक निघाले. पेल्यातील वाइनचा रंग व सुगंध पारखणे ही एक रसिक कला आहे, हे मान्य. पण त्याच वाइनने मजुराच्या मुलाची अक्षरओळख हिरावून घेतली असेल, तर त्या रसिकतेला हा हिशेब ठाऊक असावयास हवा.

वंशभेद संपल्यावर हे सारे बदलले नाही काय? काही बदलले. शेतावर राहणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा १९९७ मध्ये झाला. शेतमजुरांना किमान वेतन लागू झाले. परंतु कायम मजुराला हक्क मिळतात, असे दिसताच अनेक मळेवाल्यांनी कायम मजूर कमी केले, मळ्यावरील घरे रिकामी केली आणि ठेकेदारामार्फत हंगामी माणसे घेण्यास प्रारंभ केला. या हंगामी मजुरांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात पश्चिम केपमधील फळबागा व द्राक्षमळ्यांची स्थिती मांडली होती. संरक्षक साधनांविना कीटकनाशकांशी येणारा संबंध, कामाच्या जागी पिण्याच्या पाण्याचा व शौचालयांचा अभाव, राहण्यास अयोग्य घरे, संघटना करण्यात आणले जाणारे अडथळे, असे त्याचे स्वरूप होते.

पुढच्याच वर्षी असंतोषाचा स्फोट झाला. हेक्स नदीच्या खोऱ्यातील डी डोर्न्स हे खाण्याच्या द्राक्षांचे गाव. २०१२ च्या नोव्हेंबरात तेथून संपाची लाट उसळली आणि पश्चिम केपच्या अनेक गावांत पसरली. त्या वेळी शेतमजुराचे किमान वेतन दिवसाला ६९ रँड होते. मागणी १५० रँडची होती. कोणत्याही मोठ्या संघटनेने हा संप योजून पुकारलेला नव्हता. मजुरांनी तो स्वतः सुरू केला आणि संघटना मागाहून आल्या. केपटाउनहून करूच्या माळाकडे जाणारा हमरस्ता डी डोर्न्सवरून जातो. मजुरांनी तो अडवून धरला. या संघर्षात तिघांचे प्राण गेले. अखेर १ मार्च २०१३ पासून किमान वेतन १०५ रँड झाले. एकाच वेळी निम्म्याहून अधिक वाढ, ही संघटित कृतीची मोठी फलश्रुती होय. मात्र अनेक मळेवाल्यांनी वाढीतून सूट मागितली, काहींनी माणसे कमी केली. विजय मिळाला तरी लढा संपला नाही. राष्ट्रीय किमान वेतन २०१९ मध्ये आले, तेव्हाही शेतमजुराचा दर इतरांहून कमी ठेवला गेला. तो इतरांच्या बरोबरीचा झाला २०२१ मध्ये. मार्च २०२५ मध्ये लागू झालेला दर तासाला २८.७९ रँड होता. त्या दराने नऊ तास राबल्यावर सुमारे २५९ रँड हाती येत. त्यांत हेलिकॉप्टरच्या सर्वांत छोट्या फेरीचे तिकीटही आले नसते.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. केपच्या वाइन उद्योगावर प्रत्यक्ष-अप्रत्यक्षपणे अडीच लाखांहून अधिक लोकांची उपजीविका चालते; श्रीमंत प्रवासी आला नाही, तर पोट कोणाचे मारले जाईल, असे विचारले जाते. हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. मळे बंद पडावेत असे मजूर म्हणत नाही. तसे बाहेरच्या कार्यकर्त्याने म्हणणे तर अधिकच अनुचित होईल. शिवाय मळेवाला सर्वशक्तिमान आहे असेही नाही. केपमधून निर्यात होणाऱ्या वाइनपैकी निम्म्याहून अधिक वाइन बाटलीत न भरता मोठ्या टाक्यांतून घाऊक जाते, आणि तिचा भाव युरोपातील बड्या दुकान-साखळ्या ठरवितात. भाव दाबला की मळेवाला मजुरी दाबतो. म्हणून रोजगार आहे एवढे म्हणून भागत नाही. रोजगाराच्या अटी कोण ठरवितो, हे विचारावे लागते. डी डोर्न्सच्या मजुराने रस्ता अडविला तेव्हा तो हेच विचारीत होता.

मालकीचा प्रश्न तर त्याहून कठीण आहे. २०१७ मध्ये झालेल्या सरकारी पाहणीत व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के जमीन गोऱ्यांच्या हाती असल्याचे दिसले. मजुरांना मळ्यात भागीदार करून घेण्याचे प्रयोग काही ठिकाणी झाले. फ्रान्सहूकजवळील एका मळ्याच्या मालकाने मजुरांच्या नावे विश्वस्त निधी उभारून त्यांना जमिनीत वाटा दिला, मळ्यावरील गुलामांच्या स्मरणार्थ संग्रहालय उभारले. हेतू शुद्ध होता, तरी तो प्रयोग पुढे कर्जाच्या गर्तेत सापडला. भांडवल आणि बाजारपेठ यांवर ताबा नसेल, तर जमिनीच्या वाट्याला पुरेसा अर्थ राहत नाही, हा त्याचा धडा आहे. त्यामुळे चांगले मालक शोधीत बसण्यापेक्षा मजुरांची संघटना, घराचा हक्क आणि किमान वेतनाची काटेकोर अंमलबजावणी यांवर भर देणे हाच मार्ग खात्रीचा ठरतो. स्त्री शेतमजुरांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'सिखुला सोंके' या संघटनेच्या नावाचा अर्थच मुळी 'एकत्र वाढू' असा आहे.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. केपमध्ये सर्वाधिक लावली जाणारी शेनँ ब्लाँ ही द्राक्षाची जात आज नाशिकच्या मातीतही रुजली आहे. राज्याचे वाइनविषयक धोरण २००१ मध्ये आले. त्यानंतर मळ्यातच वाइनची चव घेण्याची, मुक्काम करण्याची सोय झाली आणि पुण्या-मुंबईचा प्रवासी सुट्टीला तिकडे जाऊ लागला. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा मोठा वाद झाला. एक बाजू शेतकऱ्याच्या हिताची भाषा बोलत होती, दुसरी व्यसनमुक्तीची. पेठ, सुरगाणा भागांतून छाटणी आणि विरळणीच्या कामाला टोळीने येणाऱ्या आदिवासी स्त्री-पुरुषांचा विचार मात्र त्या वादात क्वचितच झाला. एप्रिलची खरड छाटणी असो वा ऑक्टोबरची गोडी छाटणी, वेलीला हात लागतो तो त्यांचाच. त्यांचा एकरी उक्ता दर कोण ठरवितो, मळ्यावर त्यांना पाणी व निवारा मिळतो काय, फवारणीच्या वेळी त्यांच्या अंगावर संरक्षक कपडे असतात काय, हे प्रश्न नाशिकलाही तितकेच लागू आहेत. केपमध्ये गुलामगिरीचा वारसा आहे, तो येथे नाही. येथे जातीचा आणि भूमिहीनतेचा आहे. त्यामुळे तुलना सावधपणे केली पाहिजे. पण प्रश्न टाळता येणार नाहीत.

म्हणून कोणताही पर्यटन प्रकल्प, मग तो द्राक्षमळ्यातला असो, अभयारण्यातला असो वा समुद्रकिनाऱ्यावरचा, गावात येऊ लागला म्हणजे कार्यकर्त्याने तीन गोष्टी तपासाव्यात. ही जमीन पूर्वी कोणाच्या वापरात होती आणि ती माणसे आता कोठे आहेत? येथे राबणाऱ्याला मजुरी किती, आणि ती वाढवून मागण्याची मुभा त्याला आहे काय? आणि येथे राबणाऱ्याचे मूल त्याच दरवाजाने पाहुणा म्हणून आत येऊ शकेल काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर महसुली दप्तरात सापडेल, दुसऱ्याचे मजुरांच्या वस्तीत. तिसऱ्याचे उत्तर मिळण्यासाठी मात्र लढावे लागेल. फ्रान्सच्या कामगाराला समुद्र पाहावयास मिळाला तो लढूनच.

पार्ल आणि फ्रान्सहूक यांच्या दरम्यान, द्राक्षमळ्यांच्या सोबतीने एक तुरुंग आहे. डिसेंबर १९८८ पासून मंडेला तेथे होते आणि ११ फेब्रुवारी १९९० रोजी त्या तुरुंगाच्या दारातून ते पायी चालत बाहेर आले. त्या दिवशी त्यांना पाहण्यासाठी हजारो माणसे रस्त्यावर लोटली होती. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या मळ्यांत आजही सकाळी सात वाजता मजुरांच्या टोळ्या उतरतात. केपला जाणाऱ्याने त्या वाटेने रस्त्यानेच जावे. तास-दीड तास अधिक लागेल. पण त्या मळ्यांतील वाइन कोणी पिकविली, हे त्याला दिसेल.